आधी रांधणाऱ्याचं पान

महानंदा अक्का कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असो, प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवलेली असो, घरातला कर्ता माणूस "या, या, बसा" म्हणत उभा असो. अक्का त्याला नमस्कार करायच्या आणि पुढे निघायच्या. आत गॅसपाशी जी कोणी असेल तिला पहिला प्रश्न ठरलेला.

"या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

समोरची बाई आधी गोंधळायची, मग पदर सारखा करत हसायची. "मीच की. अजून कोण जेवणार शेवटी?"

"मग मी तुझ्याबरोबर बसणार. मला पाहुण्याचं ताट नको."

आणि खरंच बसायच्या. घरातले पुरुष जेवायचे, मुलं जेवायची, सासूबाई जेवायच्या, शेजारून आलेली नणंद जेवायची. अक्का लसूण सोलत, गप्पा मारत वाट बघायच्या. मग सगळ्यांत शेवटी जे काही पातेल्यात राहिलं असेल ते त्या बाईच्या शेजारी बसून खायच्या. "पहिल्या ताटावरून घर कळत नाही गं," मला म्हणायच्या. "ते सगळे सजवून वाढतात. शेवटचं ताट बघ. ते सजवायला कुणाकडं काही उरलेलंच नसतं."

अक्कांची आणि माझी ओळख सुईने झाली. मी नवी पेठेजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बी.एस्सी. झाले, वर लॅबचा डिप्लोमा केला. आईकडचे, वडिलांकडचे सगळे धरले तरी आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगायची गरज नसते तिथेही मी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. तर एका सकाळी अक्का साखर तपासायला आल्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि आवाज असा की बाहेर रिक्षात बसलेल्यालाही आपलं नाव पुकारलं असं वाटावं. मी सुई टोचली. त्या दंडाकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"हात हलका आहे तुझा. भाकरी येते?"

"येते."

"लाटून की थापून?"

"थापून!" मला जरा रागच आला. सोलापुरात भाकरी लाटतात का?

"रविवारी काय करतेस?"

"रविवारी सुट्टी असते."

"म्हणजे काही करत नाहीस. ये मग समाजमंदिरात. नऊ वाजता. लॅबवाली म्हणूनच सांगेन सगळ्यांना, नाव नंतर सांग."

नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी कायम लॅबवालीच राहिले.

अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तीन-तीन मिनिटांचे ट्रंककॉल जोडून देण्याच्या काळात नोकरीला लागल्या होत्या आणि त्या काळाची एक सवय त्यांच्या अंगात मुरली होती. कुणी जास्त बोलायला लागलं की त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. लाइन सोडा." एकदा एक पुढारी फोटो काढायला समाजमंदिरातल्या आमच्या स्वयंपाकाच्या वर्गात आले. निरोगी बालक, निरोगी राष्ट्र असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. पोरं पीठ मळलेले हात तसेच धरून उभी. अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, तीन मिनिटं झाली. आता एकतर लाइन सोडा, नाहीतर शेपू निवडायला बसा." साहेब हसले, आणि खरंच दोन काड्या निवडून गेले. फोटो तोच छापून आला.

तो रविवारचा वर्ग म्हणजे काय धमाल होती, ते लिहिताना आजही माझे हात शिवशिवतात. पत्र्याचं समाजमंदिर, चार शेगड्या, आणि वस्तीतली तीसेक पोरं. आमच्या वस्तीत विणकरांची तेलुगू घरं आहेत, दख्खनी उर्दू बोलणारी आहेत, अक्कांसारखी कानडी-मराठी दोन्ही बोलणारी आहेत, आणि आमच्यासारखी माढ्याकडून, बार्शीकडून पोटासाठी आलेली आहेत. एकाच भाजीला चार नावं. शेपू बघून नाक मुरडायची पद्धत मात्र चारही भाषांत सारखीच. दारात आया आणि आज्या उभ्या राहायच्या, आधी चेष्टा करायला आणि मग हळूहळू पोरांच्या हातातलं उलथनं ओढून घ्यायला.

अक्कांनी पोरांना कधी "हे खाऊ नका" म्हटलं नाही. पुड्यातले कुरकुरे घेऊन आलेल्या पोराला त्या म्हणायच्या, "खा की. पण माझ्या उसळीशी शर्यत लाव. जास्त चव कशाला ते तूच सांग." मटकीला मोड आणणं, उसळीवर लिंबू पिळणं, पालेभाजी झाकण न टाकता चटकन परतणं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू बांधणं, सगळं पोरांनी स्वतःच्या हातांनी करायचं. जेवणावर लगेच चहा नाही, हा नियम आयांसाठी होता आणि त्यावर सगळ्यांत जास्त भांडणं व्हायची. सोलापुरातल्या बाईला चहा सोडायला सांगणं सोपं नाही.

पण या सगळ्यांच्या वर एक नियम होता. आधी रांधणाऱ्याचं पान. ज्यानं स्वयंपाक केला त्यानं आधी बसायचं, बाकीच्यांनी त्याला वाढायचं. पोरांना याची भारी मजा यायची. यास्मिन नावाच्या चुणचुणीत पोरीनं पहिल्यांदा हुलग्याचं कढण केलं तेव्हा तिची दादी दारातून ओरडली, "अगे, बड्यां खाए बगैर तू कैसी खारी गे?"

यास्मिननं घास गिळला आणि म्हणाली, "पकाई सो मैंच ना, दादी!"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अय्यो शिवने! या पोरीला कुणीतरी वकील करा."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हा नियम तुम्हाला कसा सुचला? मला वाटलं यामागं काहीतरी दुःखाची गोष्ट असणार. घरात कुणी गेलं असेल, काही सोसलं असेल. अक्का म्हणाल्या, "छे गं. मी खादाड आहे. ड्यूटीवरून घरी जायचे तेव्हा सगळ्यांचं जेवण झालेलं असायचं, माझ्यासाठी गार आमटी. एक दिवस ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पहिल्या पंगतीला बसले. गरम भाकरी पानात पडली. तेव्हा कळलं, अरे, बाकीचे लोक रोज असं जेवतात होय!"

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण अक्का मला खऱ्या कळल्या त्या तिथे.

आमच्या घरी आई, वडील म्हणजे आण्णा, दादा आणि सारिका वहिनी. आण्णा चादरींच्या कारखान्यात रंगखात्यात, दादाचा टेम्पो. वहिनीला पाचवा महिना लागला होता. तिचं रक्त मीच घेतलं आणि मीच तपासलं. हिमोग्लोबिन आठच्याही खाली. मी मशीन पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे वाढलं पाहिजे. असंच राहिलं तर बाळंतपणात दोघांच्या जिवाला धोका आहे. गोळ्या घेऊ देत आणि पोटभर जेवू घाला."

घरी येऊन मी आईला ते सांगितलं. आई चिडली.

"पोटभर म्हंजी? माझ्या घरात कुणी उपाशी न्हाय. तिचीच भूक बारीक हाय, त्याला मी काय करू?"

"व्हय, माझी भूकच बारीक हाय," वहिनी म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

माझी आई वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती आणि वहिनी दोघी शेवटीच बसायच्या, एकाच ताटात. आईला त्यात अन्याय दिसत नव्हता. तिची सासू तशीच जेवली, तिची आई तशीच जेवली.

वर्गाची पोरं महिन्यातून एकदा शिकलेलं सांगायला कुणाच्यातरी घरी जायची. त्या महिन्यात मी आमचं घर सांगितलं. आईनं पहाटेपासून काय काय केलं म्हणून सांगू! पुऱ्या, शिरा, बटाट्याची भाजी, पापड, कुरडया. आरोग्याचं जेवण शिकवायला येणाऱ्या पोरांना तळणीचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. वस्तीतल्या प्रत्येक घरी हेच व्हायचं. अक्का येणार म्हटलं की घर सणाचं करायचं. अक्का आल्या, चपला काढल्या, आत गेल्या, आणि त्यांचा प्रश्न विचारला.

"मी आन् ही सून," आई म्हणाली. "पर तुमी कशाला थांबता? तुमी पाव्हणं."

अक्का थांबल्या. पोरांनी पुऱ्या संपवल्या, आण्णा-दादा जेवले, शिरा संपला. दुपार कलल्यावर तिघी बसल्या. अर्धी अर्धी भाकरी, खरवडलेली भाजी, शेंगाचटणी, आणि लगेच शेगडीवर चहाचं आधण. अक्कांनी मुकाट्यानं सगळं खाल्लं. मग विचारलं, "सारिका, भूक भागली?"

वहिनीनं आईकडे बघितलं. "भागली की."

"माझी नाही भागली. मला अजून एक भाकरी पाहिजे."

आईनं पिठाची परात बघितली. मळलेलं पीठ संपलेलं. ती उठून पुन्हा पीठ घ्यायला लागली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पोरं बघत होती. अक्कांनी ती भाकरी घेतली, मोडली आणि बोलता बोलता अर्धी वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं ती कधी खाल्ली हे तिलाच कळलं नाही. आईला मात्र दिसलं.

सगळे गेल्यावर आईनं माझी हजेरी घेतली. "माझ्या दारात येऊन माझी शोभा केली त्या बाईनं! आमी काय सुनेला उपाशी मारतो व्हय? मने, शिकलीस ते चांगलं केलंस, पर घरात पंचायत आणू नगंस. ती बाई पुन्यांदा माझ्या सैपाकघरात न्हाय पायजे."

मी दुसऱ्या दिवशी अक्कांना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या खट्टू होतील. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या आणि डोळे चमकवत म्हणाल्या, "लॅबवाली, तुझ्या आईला सगळ्यांत चांगलं काय येतं?"

मी विचार केला. "अंदाज," म्हटलं.

हे खोटं नव्हतं. आमच्या वस्तीत बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर साखरपुडा, लोक आधी आईकडे यायचे. "मालनवैनी, दोनशे पानं हैत, काय काय किती घिऊ?" आई डोळे मिटायची, ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि सांगायची. इतकं पीठ, इतकी डाळ, इतका गूळ. ना उरायचं, ना कमी पडायचं. मोडनिंबाजवळच्या आमच्या गावात तिला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. आईला शाळा फारशी मिळाली नाही, पण या एका गोष्टीत तिच्यापुढे कुणाची मान वर होत नव्हती.

"मग मला तिची गरज आहे," अक्का म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्याच.

आमच्या दारात त्या आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी त्यांना कुणाच्या दारात अशा थांबलेल्या पहिल्यांदाच बघत होते.

"मालनबाई, आत येत नाही. एक मागायला आले. श्रावणातल्या भंडाऱ्याचा स्वयंपाक या वर्षी आमची पोरं करणार आहेत. मला रांधता येतं, पण अंदाज येत नाही. तुम्ही द्याल का?"

आईनं तोंड फिरवलं होतं ते हळूच वळवलं. अंदाज मागायला आलेल्याला ती कधी नाही म्हणालेली नाही. "किती पानं?"

"अडीचशे धरा. कडक भाकरी, मोडाची उसळ, राजगिऱ्याची भाजी, आमटी आणि हुग्गी."

हुग्गी म्हणजे गहू कांडून केलेली गुळाची खीर. कानडी घरांतली. आईला ती आवडायची. "बायामाणसं किती, गडी किती?"

"निम्मे निम्मे."

आईनं डोळे मिटले. "गड्याचं पुरं पान. बाईचं अर्धं. लेकराचं पाव," ती पुटपुटली. हीच तिची रीत, सासूनं शिकवलेली. मग तिनं एकेक आकडा सांगितला. अक्का मान डोलावत ऐकत राहिल्या.

भंडाऱ्याच्या आधी आठवडाभर वस्तीत नुसता गोंधळ. कडक भाकरी टिकते, म्हणून ती घरोघरी आधीच करून ठेवायची होती. पोरं आयांच्या मागे लागून भाकऱ्या थापत होती, पातळ, कागदासारख्या, तव्यावर दाबून कडक करत होती. ज्याची भाकरी मोडली त्याला खायला मिळायची, त्यामुळे बऱ्याच भाकऱ्या मुद्दाम मोडत होत्या. मोठी पातेली उतरवायला आचारी होता, बाकी सगळं पोरांचं. अक्कांनी मंडळाच्या अध्यक्षांपुढे, म्हणजे तात्यांपुढे, एकच अट ठेवली.

"पहिली पंगत रांधणाऱ्यांची. बाया आणि पोरं. वाढणार पुरुष."

तात्या मोठ्यानं हसले. "एवढंच ना? बसू द्या की. बाया अशा किती खाणार?"

भंडाऱ्याचा दिवस उजाडला. देवळापुढच्या मांडवात पत्रावळी मांडल्या. आणि कुणी बसेना! बाया खांबांना टेकून उभ्या, एकमेकींना ढकलतायत, पदरात तोंड लपवून हसतायत. "तू बस की." "तूच बस, मला न्हाय भूक." पुरुष बादल्या घेऊन ताटकळलेले. मग अक्का गेल्या आणि पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसल्या. आईचा हात धरून खाली ओढला.

"सोडा वो अक्का, मी वाढते," आई म्हणाली.

"सासू उभी असताना सून बसेल का? बघा तिच्याकडं."

वहिनी खांबापाशी उभी होती. सहावा महिना, पांढरट ओठ. आईनं तिच्याकडे बघितलं, आणि बसली. शेजारची पत्रावळ हातानं थोपटली. "ये गं, बस हितं."

त्या दोघी बसल्या आणि अख्खी पंगत भरली.

मग जी मजा सुरू झाली! आमचा दादा उसळीची बादली घेऊन निघाला. मीठ पानात कुठे वाढतात, चटणी कुठे, यातलं एकाही गड्याला काही माहीत नाही. कुणी भाजीवर हुग्गी ओतली, कुणी आमटी पत्रावळीच्या बाहेर. "आरं ए, लिंबू कुटं ठिवलंस? डाव्या अंगाला ठिव की!" "तात्या, वाका जरा, कंबर काय भाड्यानं आणलीया का?" यास्मिनची दादी तर पुन्हा पुन्हा बादली परत बोलवत होती. आधी सगळ्या लाजत खात होत्या. मग कुणीतरी दुसरी भाकरी मागितली. आणि ते एकदा सुरू झालं ते थांबेना. कुणी "आता पुरे" म्हटलं की अक्का ओरडायच्या, "साकु म्हणू नका गं! पोटाला विचारा, सासूला नको!"

वहिनीनं एक भाकरी खाल्ली. दुसरी घेतली. उसळ दोनदा, राजगिरा दोनदा. हुग्गीची वाटी तिनं बोटानं पुसून घेतली आणि दादा समोरून जाताना हळूच म्हणाली, "अजून वाढा की थोडी."

आईचा हात घासासकट थांबला. भूक बारीक असलेली तिची सून मान खाली घालून खात होती, आणि आई तिच्याकडे बघत होती.

पुरुष पंगतीला बसले तेव्हा पाट्यांतल्या भाकऱ्या तळाला गेल्या होत्या. आमटीत पाणी घालून ती वाढवली. हुग्गी चमच्याचमच्यानं वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी अर्धी भाकरी आली. तात्यांनी पानातल्या तुकड्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय वो मालनवैनी! तुमचा अंदाज कधी चुकला न्हवता. आज चुकला की!"

मांडवात हशा पिकला. माझ्या आईची वस्तीतली सगळी पत त्या एका गोष्टीवर होती. मी अक्कांकडे बघितलं. त्या आईकडे बघत होत्या.

आई रिकाम्या पाटीपाशी उभी होती. ती तात्यांकडे नाही, बायकांकडे बघत होती. कुणी कमरेला हात लावून सुस्तावून बसल्या होत्या, कुणी दात कोरत हसत होत्या.

"आज न्हाय चुकला, तात्या," ती म्हणाली. "आजपातुर चुकत हुता."

हसू विरत गेलं. तात्यांनी अर्ध्या भाकरीचा घास मोडला आणि खाली मान घालून खाल्ला. मग म्हणाले, "उसळ चांगली झालीया. कुणी केली?" आणि पाच-सहा पोरं एकदम ओरडली, "मी! मी!"

भांडी आवरताना मी अक्कांना गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना कमी पडणार ते? आईचं अर्धं पान ऐकूनही गप्प बसलात!"

"मी ट्रंककॉलवाली," अक्का कढई घासत म्हणाल्या. "माझं काम लाइन जोडून द्यायचं. बोलायचं ते ज्याचं त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पीठ घेतलं ते परातीच्या काठापर्यंत. वहिनीचं ताट आधी वाढलं आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिली. लोहाच्या गोळीनं मळमळतं म्हणून वहिनी ती लपवून ठेवायची हे आईनंच शोधून काढलं, आणि डॉक्टरीणबाईंना विचारून तिला ती जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लावली. चहा नंतर, चांगला तासाभरानं. अक्का पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. दोघी पालेभाजीवरून भांडायच्या. आईला भाजी गाळ शिजवायची सवय, अक्कांना चटकन परतलेली हवी. "रबर खायाला घालती ही बाई," आई म्हणायची, पण करायची तशीच. दादा संध्याकाळी टेम्पो लावून भाकरी थापायला बसला, तेव्हा आण्णा बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना हसू आवरेना.

दर महिन्याला मी वहिनीचं रक्त तपासत होते. साडेआठ. मग नवाच्या वर. आठवा महिना संपताना आकडा दहाच्या पुढे गेला तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच होते आणि एकटीच ओरडले. ॲप्रन तसाच घालून नवी पेठेच्या गर्दीतून, रिक्षांमधून वाट काढत पळाले. फोन करायचा असतो हे मला सुचलंच नाही. घरी पोचले तेव्हा आई दारात.

"काय झालं? कोण मेलं?"

"दहा! आई, दहाच्या वर!"

आईनं मला मिठी मारली नाही. तिला तसलं जमत नाही. तिनं वहिनीला हाक मारली, "सारे, ये गं. बस. जेवून घे."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, आणि त्या चालू राहिल्या. वहिनीचं बाळंतपण सुखरूप झालं. रक्ताची बाटली चढवावी लागली नाही. मुलगी झाली, धष्टपुष्ट, रडायला लागली की अख्खा वॉर्ड जागा. अक्का भेटायला आल्या त्या बाळाच्या पाळण्यावरून पुढे गेल्या, वहिनीच्या उशाशी बसल्या आणि डबा उघडला. बाळाकडे त्यांनी वहिनीचं खाऊन झाल्यावर बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का अक्कलकोटच्या पुढे, सीमेजवळच्या त्यांच्या माहेरगावी कायमच्या राहायला गेल्या. भावाचं घर रिकामं होतं. आणि त्यांच्या भाषेत सांगायचं तर "तिकडं कुणी जोडून देणारं नाही." वर्गात पोरं रडायला लागली तर म्हणाल्या, "रडायचंच आहे तर कांदे चिरायला बसा. निदान कामाला येईल." वर्ग वहिनीच्या हातात दिला आणि गेल्या. रविवारी मी अजून जाते. वहिनी माझ्याहून चांगला वर्ग घेते, हे मी पदवीधर असूनही मान्य करते.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन आला. मला वाटलं माझ्याशी बोलायचंय. "तू नको. मालनबाईंना दे." तिथं पोरांच्या हातचं मोठं गावजेवण ठरलं होतं आणि गावच्या आचाऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. आईनं पानं विचारली, डोळे मिटले, आणि मग एकदम म्हणाली, "फोनवर न्हाय जमायचं. मी येते."

माझी आई आजवर एकटी एस.टी.त बसली नव्हती. आण्णा म्हणाले, मी येतो. दादा म्हणाला, टेम्पोनं सोडतो. आई म्हणाली, "तुमी घरचं बघा. पोरीला पाजायला सारीला येळ पायजे, सैपाक कोण करंल?" आणि पिशवी घेऊन निघाली. खिडकीत बसून तिनं हातसुद्धा हलवला नाही, इतकी ती समोर बघत होती.

दिवसभर माझं लॅबमध्ये लक्ष नव्हतं. संध्याकाळी मी फोन केला. मागून पोरांचा कालवा, कानडीत आरडाओरड, भांड्यांचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या वर अक्कांचा आवाज.

"आई, पुरलं का गं?"

"पुरलं की. उरलं बी न्हाय, कमी बी पडलं न्हाय. आता गडी बसल्यात."

"आणि तू? तू कधी जेवणार?"

"मी?" आई म्हणाली. "माझं मगाशीच झालं."